शाश्वत विकासावर संशोधन करायचे असेल, तर एकाच विषयाचे प्रशिक्षण पुरते का?

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर शाश्वत विकासावर संशोधन करायचे असेल, तर आपला विषय धरून ठेवावा की एखाद्या आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. मी गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात वनस्पतिशास्त्रच शिकवते. माझे मत असे, की विषय सोडू नका. पण एखादा तलाव, जंगल किंवा शिवार निवडा आणि त्या जागेला समजून घ्यायला जे जे शास्त्र लागेल, ते तिथल्या माणसांसोबत बसून शिका.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एका मामा तलावातील, म्हणजे माजी मालगुजारी तलावातील, पाणवनस्पतींची यादी करत होते. पाण्यात चौकट टाकायची, आतली झाडे मोजायची आणि वहीत उतरवायची, एवढेच माझे काम होते. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाळे सोडवत बसलेल्या ढिवर या मासेमार समाजातील एका वयस्क बाईंनी एकदा ती यादी मला वाचून दाखवायला लावली आणि विचारले, “बाई, मासोळी कोणत्या झाडाले अंडे लावते, ते लिवलं का?” ते मी लिहिले नव्हते. मग त्या स्वतः गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि हायड्रिला या पाणवनस्पतीची एक जुडी उचलून त्यांनी तळहातावर पसरली. पानांच्या बेचक्यात साबुदाण्याहून कितीतरी बारीक, काचेसारखी अंडी चिकटलेली होती. माझ्या यादीत हायड्रिला होती, तिची घनताही होती, परंतु तिचे तिथे काम काय आहे, हे मला त्या सकाळी कळले.

पूर्व विदर्भातील हे तलाव पिढ्यान्‌पिढ्या कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी, संपली आणि तलाव शासनाकडे गेले. आज त्याच पाण्यावर धानाला पाणी देण्याचे नियोजन एक खाते करते, मासेमारीचा ठेका सहकारी संस्था घेते, गावाच्या निस्ताराच्या, म्हणजे पाणी-जंगलाच्या परंपरागत वापरहक्कांच्या, नोंदी महसुलाच्या दप्तरात असतात आणि काठावरच्या देवधानाची, म्हणजे रानटी भाताची, व मरळ माशाची माहिती मात्र फक्त ढिवरांना असते. यातला कोणताही एक धागा सोडून तलावाचे भवितव्य सांगता येत नाही, आणि म्हणूनच एका विद्याशाखेचा माणूस तिथे अपुरा पडतो.

याची किंमत मी पाहिली आहे. एका योजनेत आमच्याकडचा एक तलाव यंत्राने खोल करण्यात आला. किती घनमीटर गाळ निघाला याचा हिशेब चोख होता. पण काठाचा उथळ उतार खरवडला गेल्याने मुळे धरायला जागाच उरली नाही, पाणवनस्पती परतल्या नाहीत आणि स्थानिक माशांची वीण थांबली. अभियंत्यांनी आपले गणित बरोबर केले होते. माझी यादीही बरोबर होती. आम्ही दोघे एकाच पाळीवर कधी उभे राहिलो नव्हतो, याची खंत मला आजही आहे.

म्हणून पहिली सूचना अशी, की दुसऱ्या विषयाचे निदान मोजमाप तरी शिका: साठवणक्षमता कशी काढतात, ठेक्याच्या अटी कशा वाचायच्या, निस्तारपत्रकात काय असते. पदवी एकाच विषयाची राहू द्या, कारण नोकरीच्या जाहिराती अजून विषयानुसारच निघतात. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार दुसऱ्या विभागातील किंवा संस्थेतील सहमार्गदर्शक घेता येतो, तो अर्थशास्त्राचा किंवा जलशास्त्राचा अवश्य घ्या. पूर्ण अभ्यासक्रमच हवा असेल, तर आयआयटी मुंबईतील सितारा (CTARA) हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र आणि बंगळूरूची एट्री (ATREE) ही पर्यावरण संशोधन संस्था यांची माहिती काढा. भंडाऱ्यात तर भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत तलावांत स्थानिक वनस्पती परत आणण्याचे काम केले आहे, ते जवळून पाहता येईल.

गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि त्यामागे गावकरी व बाहेरचे जाणकार एकत्र बसणाऱ्या अभ्यासगटांची बैठक असते. आपला प्रबंध दोन पानांच्या साध्या मराठीत अशा बैठकीत वाचून दाखवणे, हे मला कोणत्याही परिसंवादापेक्षा अवघड आणि मोलाचे प्रशिक्षण वाटते.

तलाव निवडणार असाल, तर सुरुवात मृगाच्या आधी करा. मासे पहिल्या पावसात विणीसाठी प्रवाहाच्या उलट चढतात, आणि ते दिवस हुकले की पुढचे वर्षभर वाट पाहावी लागते.