सही तुमची, कंपनी दुसऱ्याची

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, सध्या एस्टोनियात, टालिनला एमएस करतोय. 2023 मध्ये एका ओळखीच्या सीनियरच्या सांगण्यावरून इथल्या एका क्रिप्टो कंपनीच्या संचालक मंडळावर नाव दिलं. कंपनीकडे परवाना होता. दरमहा 400 युरो मिळायचे, काम काहीच नव्हतं. सुरुवातीला माझं ओळखपत्र आणि त्याचे पिन आठवडाभर त्याच्याकडे होते. आता मनी लाँडरिंगविरोधी कार्यालयाने कंपनीकडे कागदपत्रं मागितली आहेत आणि पोलिसांनी मला साक्षीदार म्हणून जबाबाला बोलावलं आहे. कंपनीच्या फाइलमधल्या माझ्या बायोडेटात बँकेतला चार वर्षांचा अनुभव लिहिलाय; मी पुण्यात दोन वर्षं टेस्टिंगचं काम केलं, बँकेची पायरीही चढलो नाही. सीनियर म्हणतो, मागच्या तारखेचा राजीनामा देऊन टाकू. परीक्षा संपली की सरळ घरी निघून येऊ का? कंपनीचा पैसा कुठून येतो हे मला माहीत नव्हतं. ता.क. : त्या 400 युरोंतले काही मी वडिलांच्या खात्यात पाठवत होतो.

उत्तर : मागच्या तारखेच्या राजीनाम्यावर सही करू नका. बाकी सगळं त्यानंतर.

एस्टोनियात ओळखपत्र आणि पिन वापरून केलेल्या डिजिटल सहीला हाताने केलेल्या सहीइतकंच वजन आहे आणि तिच्यावर वेळेचा शिक्का बसतो. आज केलेली सही आजचीच दिसते. कागदावर जुनी तारीख टाकून हाताने सही केलीत, तरी कंपन्यांच्या सरकारी व्यापारी नोंदवहीत तुमचं नाव कधी चढलं आणि कधीपर्यंत होतं हे कोणालाही घरबसल्या पाहता येतं. म्हणजे सुटका तर होणार नाहीच, उलट चौकशी सुरू झाल्यावर बनावट पुरावा तयार केल्याचा नवा ठपका येईल, आणि तोही थेट तुमच्या नावावर. सीनियरचं त्यात काही जात नाही, हे लक्षात घ्या.

तुम्हाला नेमकं कशासाठी घेतलं, ते समजून घ्या. 2017 च्या अखेरीस एस्टोनियाने क्रिप्टो व्यवसायाला परवाने द्यायला सुरुवात केली. फी होती 345 युरो. हजाराहून जास्त परवाने वाटले गेले. बऱ्याच कंपन्यांचा तिथल्या पत्त्यापलीकडे त्या देशाशी संबंध नव्हता. याच सुमारास डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या टालिन शाखेतून 2007 ते 2015 या काळात सुमारे 200 अब्ज युरोंचे संशयास्पद व्यवहार झाल्याचं बाहेर आलं आणि या छोट्या देशाची चांगलीच नाचक्की झाली. मग फास आवळला. 2020 मध्ये फी 3,300 युरो झाली आणि कार्यालय व संचालक मंडळ एस्टोनियातच हवं अशी अट आली. मार्च 2022 पासून किमान भांडवल व्यवसायाच्या स्वरूपानुसार 1 लाख किंवा अडीच लाख युरो, आणि संचालकाला उच्च शिक्षण व किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव सक्तीचा झाला. मे 2023 पर्यंत शंभराच्या आसपासच परवाने उरले होते.

स्थानिक पत्ता असलेला, पदवीधर, इंग्रजी बोलणारा आणि 400 युरोंत खूश होणारा माणूस या अटींमुळेच बाजारात महाग झाला. मे 2023 मधल्या एका निवेदनात मनी लाँडरिंगविरोधी कार्यालयाने (राहापेसु आंदमेब्युरो) जाहीरपणे सांगितलं होतं की काही कंपन्यांत संचालकांना आपण संचालक आहोत हेच माहीत नव्हतं आणि काहींचे बायोडेटा खोटे होते. म्हणजे तुमच्यासारखी फाइल त्यांच्यासमोर पहिल्यांदा येत नाहीये. याचा फायदाही आहे : बिनकामाचा संचालक कसा बनवला जातो, हे त्यांना पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार नाही.

आता तुमच्या हातातली दोन पत्रं. पहिलं कंपनीला आहे, पण कंपनी म्हणजे कागदोपत्री तुम्ही. कागदपत्रं मागणारा आदेश पाळला नाही तर दंड लागू शकतो. तुमच्याकडे कागद नसतील, तर 'माझ्याकडे नाहीत, ते अमुक व्यक्तीकडे आहेत' हेही उत्तरच आहे. गप्प बसणं हे उत्तर नव्हे. हे पत्र सीनियरच्या हाती देऊन 'तू बघ' म्हणू नका.

दुसरं पत्र जास्त नाजूक आहे. साक्षीदाराला हजर राहावंच लागतं आणि खोटं बोलणं हा गुन्हा आहे. मात्र ज्या उत्तराने आपणच गोत्यात येऊ, ते नाकारण्याचा हक्क साक्षीदारालाही आहे. संशयिताला तर पूर्ण मौनाचा हक्क असतो. पण आज साक्षीदार म्हणून बोलावलेला माणूस चौथ्या प्रश्नापर्यंत संशयित होऊ शकतो, विशेषतः फाइलमध्ये खोटा बायोडेटा असेल तेव्हा. म्हणून जबाबाआधी एस्टोनियाच्या बार असोसिएशनचा फौजदारी वकील गाठा. मी इथून तुम्हाला दिशा दाखवू शकते, तिथे तुमच्या बाजूने उभी राहू शकत नाही. वकिलाची फी परवडणार नसेल, तर सरकारी खर्चाने कायदेशीर मदत मिळण्याची सोय तिथे आहे. तिचा अर्ज आजच करा. टालिनच्या भारतीय दूतावासात स्थानिक वकिलांची नावं विचारता येतील. जबाब एस्टोनियन भाषेत लिहिला जाईल. दुभाषा मागा, तो तुमचा हक्क आहे. इंग्रजीत वाचून दाखवल्याशिवाय सही नको. एकदा सहीचं काय होतं ते पाहिलंच आहे.

तुमच्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवा तो बायोडेटाच आहे. तो तुम्ही पाहिला होता का? त्यावर तुमची डिजिटल सही आहे का, आणि असेल तर ती कार्ड सीनियरकडे होतं त्या आठवड्यातली आहे का? याचं खरं उत्तर आधी वकिलाला सांगा, अगदी लाजिरवाणं असलं तरी. पिन दुसऱ्याला देणं म्हणजे कोऱ्या चेकवर सह्या करून चेकबुक हातात देणं. त्यामुळे 'ती सही मी केलीच नाही' एवढं म्हणून भागणार नाही. कार्ड कधी दिलं, का दिलं, कधी परत मिळालं, हे व्हॉट्सअॅपच्या संदेशांवरून दाखवता आलं पाहिजे. ते संदेश पुसू नका. सीनियर पुसायला सांगेल, तर तो संदेशही जपून ठेवा. 400 युरो जमा झाल्याच्या नोंदी, आलेले सगळे मेल, बायोडेटाची प्रत यांची एक प्रत तुमच्या लॅपटॉपबाहेर ठेवा.

कार्डाचे दोन्ही पिन आजच बदला. कार्डाची प्रमाणपत्रं, म्हणजे ज्यांच्यामुळे त्यावरून डिजिटल सही होते ती, तात्पुरती बंद करता येतात. वकिलाला विचारून तेही करा. राजीनामा जरूर द्या, पण आजच्या तारखेचा, कंपनीच्या भागधारकांना लेखी, आणि नोंदवहीतून नाव काढायचा पाठपुरावा स्वतः करा. राजीनाम्याने पुढचं थांबतं. मागच्या काळातली संचालकाची जबाबदारी राहतेच, आणि तिथल्या व्यापारी कायद्यात कंपनीला संचालकावर असा दावा लावायला पाच वर्षांची मुदत आहे.

शिक्षेबद्दल विचारलं नाहीत, तरी मनात असेलच. एस्टोनियाच्या दंड संहितेच्या 394 व्या कलमाखाली मनी लाँडरिंगला दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद आहे. टोळीने किंवा मोठ्या प्रमाणावर केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. तुम्हाला पैशांचा उगम माहीत नव्हता असं तुम्ही म्हणता. ते खरं असेल तर तो मोठा बचाव आहे. पण बिनकामाचे पैसे दरमहा घेताना एकदाही विचारलं का नाहीत, हा प्रश्न येणारच.

घरी येण्याबद्दल. साक्षीदार म्हणून बोलावणं असताना न सांगता निघून गेलात तर ते पळून जाणंच दिसेल. आणि सीमा ओलांडली की असे तपास थांबतात, असंही नाही. 57.5 कोटी डॉलरच्या हॅशफ्लेअर क्रिप्टो घोटाळ्यात अमेरिकेच्या सांगण्यावरून नोव्हेंबर 2022 मध्ये टालिनमध्ये दोघांना अटक झाली, मे 2024 मध्ये त्यांना अमेरिकेच्या हवाली केलं गेलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला. त्यांच्याशी तुमची तुलना नाही, पण परदेशी यंत्रणा एकमेकींशी बोलतात एवढं ध्यानात ठेवा. जबाब झाल्यावर, तपास अधिकाऱ्याला लेखी कळवून आणि पत्ता देऊन सुट्टीला या.

शेवटी, त्या 400 युरोंतले काही तुम्ही वडिलांच्या खात्यात पाठवत होतात, हे तुमच्या पत्राच्या तळाशी एका ओळीत आहे. ते तळाशी ठेवण्याजोगं नाही. गुन्ह्यातला पैसा भारतात आला तर आपल्याकडच्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याचा हात तिथपर्यंत पोचतो, मूळ गुन्हा परदेशात घडलेला असला तरी. वडिलांनी ती रक्कम काढून सीनियरला किंवा आणखी कोणाला परत करू नये. पासबुकाच्या त्या पानांच्या प्रती काढून ठेवायला सांगा, आणि हे सगळं त्यांना फोनवर तुम्हीच सांगा, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी.