व्यसनमुक्ती केंद्रासाठी सरकारी अनुदान मिळते का, आणि मिळाले तर वस्तीतले व्यसन कमी होते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. वस्तीतल्या मुलांना गोळ्यांचा आणि एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) नाद लागला आहे, तेव्हा मंडळातल्या मित्रांनी मिळून व्यसनमुक्ती केंद्र काढले तर सरकारी अनुदान मिळेल का, ही पहिली. आणि सरकार इतक्या योजना राबवूनही व्यसन कमी का होत नाही, ही दुसरी. पहिलीचे उत्तर असे आहे की अनुदान मिळते, पण आपल्याला इतक्यात मिळणार नाही. दुसरीचे उत्तर लांबणार आहे, कारण मी एका अनुदानित केंद्रात बरीच वर्षे लेखापाल होतो आणि हा पैसा कोठून येतो, कशावर जातो आणि कशावर जात नाही, हे मी व्हाउचर फाडून पाहिले आहे.

आधी अनुदानाचे सांगतो. व्यसनाधीनांच्या उपचाराचा आणि पुनर्वसनाचा केंद्रीय पैसा मुख्यतः सामाजिक न्याय आणि अधिकारिता मंत्रालयाकडून येतो. स्वयंसेवी संस्थांना केंद्र चालवण्यासाठी साहाय्य देण्याची ही पद्धत १९८५-८६ पासूनची आहे आणि २०१८ पासून ती अमली पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्याखाली चालते. माझ्या काळात मान्य खर्चाच्या ९० टक्के रक्कम केंद्र सरकार देत असे आणि उरलेले १० टक्के संस्थेने उभे करायचे असत. संस्थेची नोंदणी होऊन किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात, लेखापरीक्षित ताळेबंद लागतो, अर्ज ई-अनुदान पोर्टलवर करावा लागतो आणि त्याला राज्य सरकारची शिफारस लागते. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित आजारही येत असल्यामुळे रुग्ण भरती करणाऱ्या केंद्राला त्या कायद्याखालची नोंदणीही घ्यावी लागते. चार खोल्या, दहा गाद्या आणि एक योगशिक्षक एवढ्यावर आता केंद्र उभे राहत नाही, आणि राहू नये.

हे सगळे पार पाडून अनुदान मंजूर झाले, तरी ते हप्त्यांनी येते. मागची रक्कम ठरल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही, आणि प्रमाणपत्र वेळेवर पाठवूनही हप्ता वेळेवर येईलच असे नाही. आमच्याकडे एकदा पुढच्या वर्षीचा पावसाळा आला तरी आदल्या वर्षीची रक्कम आलेली नव्हती. किराणा दुकानदार थांबतो, घरमालक थांबतो, पण परिचारिका थांबत नाही आणि तिने थांबावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. ज्या संस्थेकडे वर्षभराचा खर्च आपल्या बळावर भागवण्याची ताकद नाही, तिने अनुदानाच्या भरवशावर रुग्ण भरती करणे हा त्या रुग्णांशी खेळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आमचे अनुदान खाटांच्या हिशेबाने येत असे. पंधरा खाटांचे केंद्र म्हटले की त्याला अमुक समुपदेशक, अमुक वॉर्डबॉय, अर्धवेळ डॉक्टर, स्वयंपाकी आणि लेखापाल अशी पदे ठरलेली असतात आणि तपासणीसही तेच मोजतात. आमच्या प्रत्येक लोखंडी खाटेवर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकलेला होता आणि तो डेड स्टॉक रजिस्टरातल्या, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतल्या, क्रमांकाशी जुळावा लागे. एका तपासणीत सात क्रमांकाच्या खाटेवरचा रुग्ण वडिलांच्या दहाव्याला परवानगीने घरी गेला होता, तर त्या रिकाम्या खाटेवरून साहेबांनी अर्धा तास चौकशी केली. त्याच खाटेवरून आदल्या महिन्यात घरी गेलेला माणूस आज कोठे आहे, शुद्धीवर आहे की पुन्हा गुत्त्यावर, हे मात्र कोणी विचारले नाही. साहेबांचा दोष नव्हता; त्यांच्या हातातल्या तपासणी अर्जात तो रकानाच नव्हता.

आमच्याकडे एक क्षेत्रकार्यकर्ते होते, जे स्वतः पूर्वी ब्राउन शुगरच्या आहारी गेलेले आणि नंतर सुटलेले होते. घरी गेलेल्या रुग्णांना भेटायला ते एसटीने गावोगाव जात, भेटवहीत घरच्यांची सही किंवा अंगठा घेत आणि महिनाअखेरीस तिकिटे एका कागदावर चिकटवून माझ्याकडे आणून देत. ती तिकिटे खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली टाकायची, हा माझा दर महिन्याचा प्रश्न होता. कार्यालयीन प्रवासासाठी ठेवलेली किरकोळ रक्कम पहिल्या पंधरवड्यातच संपून जाई. मी अध्यक्षांकडे जाऊन संस्थेच्या देणगी खात्यातून ही बिले द्या असे सांगत असे आणि ते दर वेळी म्हणत, ‘लोकांच्या घरी जाऊन चहा पिणे म्हणजे उपचार नव्हे, लेखापाल.’ पुढे हप्ता अडकला तेव्हा सगळ्यांत आधी कात्री लागली ती या भेटींना, आणि त्याच वर्षी २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाच्या फेरीसाठी मंडप, फ्लेक्स, टोप्या आणि टी-शर्ट यांची बिले मात्र देणगी खात्यातूनच विनातक्रार मंजूर झाली.

त्या फेरीत आमच्या अध्यक्षांनी एका तरुणाला ‘व्यसनमुक्त रुग्ण’ म्हणून भाषणासाठी बोलावले होते. मुलगा गॅरेजमध्ये काम करणारा, हाताने कुशल, खोकल्याचे औषध आणि वस्तीत ज्यांना बटण म्हणतात त्या गोळ्या यांत अडकलेला. आमच्याकडे राहून चांगला झाला होता आणि भेटी चालू होत्या तोवर कामावरही जात होता. भाषण झाल्यावर मानधनाचे व्हाउचर घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करायला मी बोट ठेवून जागा दाखवली, तर त्याने पेन टेकवले आणि सही स्टॅम्पवरून उतरत, ओळ सोडून, खालच्या कोऱ्या जागेत घरंगळत गेली. डोळे अर्धे मिटलेले होते आणि जीभ जड झाली होती. तो सकाळी गोळ्या घेऊनच आला होता. बाहेर मंडपात टाळ्या वाजत होत्या. मी ते व्हाउचर अध्यक्षांपुढे नेऊन ठेवले, तर ते म्हणाले, ‘सही आहे ना? मग फाइलला लावा.’

क्षेत्रकार्यकर्ते त्या संध्याकाळी स्वतःच्या खिशातले पैसे घालून त्याच्या घरी गेले आणि त्याच्या आईच्या मदतीने त्याला पुन्हा दाखल करायला घेऊन आले. दुसऱ्या खेपेस तो पुन्हा बरा होऊन घरी गेला. आता हिशेबाची गंमत पाहा. आमच्या वार्षिक अहवालात पहिल्या भरतीला एक लाभार्थी धरला गेला आणि दुसऱ्या भरतीला आणखी एक. एकच माणूस घसरला, तर आमच्या खाती दोन यशे जमा झाली. भेटी चालू राहिल्या असत्या आणि तो मुळात घसरलाच नसता, तर आमचा आकडा एकाने कमी भरला असता. ज्या मोजमापात रुग्ण परत आल्याने संस्थेचे काम वाढलेले दिसते, त्या मोजमापावर पैसा वाटला की तो कोठे जाईल हे सांगायला लेखापालही लागत नाही.

आणि हा केवळ हिशेबाचा मुद्दा नाही. ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य पदार्थांचे सेवन काही आठवडे थांबले की तेवढा डोस पेलण्याची शरीराची सवय मोडते; केंद्रातून बाहेर पडून माणसाने पूर्वीचाच डोस घेतला तर तो जीव घेऊ शकतो. म्हणजे घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांसाठी आमच्या अंदाजपत्रकात तरतूद नव्हती.

सरकारी धोरण कागदावर वाईट आहे असे मी म्हणणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातले कलम ६४-अ असे सांगते की केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनाधीनाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालू नये. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाते. इतके शहाणे कलम असताना आमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकी क्वचितच कोणाला ते ठाऊक असे, आणि पोलीस धरतील या भीतीने मुलाला लपवून ठेवणारी घरे मी पुष्कळ पाहिली. अडचण अशीही आहे की माल पकडायचा गृह खात्याने, उपचाराला पैसे द्यायचे सामाजिक न्याय खात्याने, आणि सुईने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन हे अफूजन्य नशेऐवजी द्यायचे पर्यायी औषध देणारी केंद्रे चालवायची ती आरोग्य मंत्रालयाच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाने. रुग्ण एक आणि त्याची फाइल तीन दारांत. वर्तमानपत्रात मथळा मिळतो तो फक्त पहिल्या दाराला, ‘इतक्या कोटींचा माल जप्त’ म्हणून. मालाची बाजारातली किंमत छापून आल्याने वस्तीतल्या एकाही मुलाची तलफ भागत किंवा थांबत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, जे दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय केंद्राने मंत्रालयासाठी केले, देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या सेवनासाठी मदतीची गरज असल्याचे दिसले, आणि बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांमागे जेमतेम एकाला कधी काही उपचार मिळाले होते. दारूच्या बाबतीत तर अडतीस जणांमागे एक. त्यानंतर १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले आणि पुढे ते देशभर नेण्यात आले. शपथा, फेऱ्या आणि भित्तिपत्रके यांचा उपयोग शून्य आहे असे नाही, परंतु उरलेल्या एकोणीस जणांचे दुखणे माहितीचा अभाव हे नसून, जवळ जाता येईल असे माणूस नसणे हे आहे. शपथ घेऊन घरी गेलेल्याला रात्री अकरा वाजता तलफ आली, तर तो फ्लेक्सवरच्या मंत्र्यांना फोन करणार आहे का?

म्हणून माझा सल्ला असा की केंद्र काढू नका. मंडळाने वर्षभर एका पगारी माणसाची सोय करावी, शक्य तर स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या, आणि जवळच्या चालू केंद्रातून आपल्या वस्तीत परत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी त्याने जात राहावे. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे आणि तेथे उपचार घेऊन बरे झालेली माणसेच पुढे कार्यकर्ते होत आली आहेत. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाच्या कामात गावातच संघटना उभी करण्यावर आणि गावपातळीवर उपचार नेण्यावर भर आहे. अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असताना ‘चहा पिणे म्हणजे उपचार नव्हे’ असे म्हणणाऱ्यांना मी आजही एवढेच विचारीन की पंधरा खाटांवर झोपणे म्हणजे उपचार, हे त्यांना कोणी सांगितले? आमच्या अध्यक्षांनी मला या प्रश्नाचे उत्तर कधी दिले नाही, उलट पुढच्या वर्षी टोप्यांची संख्या वाढवली.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी हिशेबनीस आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचाराबाबत माझ्यावर विसंबू नका. विशेषतः झोपेच्या गोळ्या आणि दारू घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, कारण त्यात झटके येऊन जिवावर बेतू शकते. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे आणि त्यासाठी खाटा लागतातच, हेही मान्य करतो. एमडीवर ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध नाही, त्यामुळे तेथे समुपदेशन आणि पाठपुरावा यांवरच भिस्त ठेवावी लागते. माझा अनुभव एकाच केंद्राचा आहे, सगळीच अनुदानित केंद्रे तशी नसतात, आणि योजनेचे निकषही बदलत असतात, तेव्हा अर्जापूर्वी चालू मार्गदर्शक सूचना वाचा. तातडीची मदत हवी असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे.

आणि एवढे वाचूनही केंद्रच काढायचे असेल, तर आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात आधी इतके विचारून या की जिल्ह्यात आधीपासून अनुदानित केंद्र आहे का. नसेल तर अर्जात तो मुद्दा सगळ्यांत वर लिहा, कारण जेथे सोयच नाही अशा जिल्ह्यांना नव्या आराखड्यात प्राधान्य आहे. असेल, तर दुसऱ्या केंद्रासाठी शिफारस मिळवण्यात वर्षे घालवण्याऐवजी त्याच केंद्राकडे जा आणि आपल्या वस्तीतल्या रुग्णांच्या घरभेटी आमच्याकडे सोपवा असे लेखी मागून घ्या. भेटवहीवर घरच्यांची सही मात्र प्रत्येक खेपेस घ्या.