फायनान्स घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

प्रश्न : मी बडोद्यात बीबीएच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि पुढे फायनान्स घेणार आहे. हिशेब आता सॉफ्टवेअरच ठेवते, तर ताळेबंद आणि रोख प्रवाह आम्ही इतके का घोटायचे? (एक विद्यार्थिनी, कारेलीबाग)

उत्तर : नोंदी संगणक करतो हे खरे, परंतु त्या नोंदींचा अर्थ लावणे हेच फायनान्सचे काम आहे आणि ते जमल्याखेरीज पुढचा एकही विषय नीट उमगत नाही. समजा, मांडवीतल्या एका कापड दुकानदाराने वर्षभरात 8 लाखांचा माल रोखीने घेतला आणि तो सगळा 10 लाखांना विकला. मात्र त्यातली 4 लाखांची उधारी वर्षअखेरीस वसूल व्हायची राहिली. दुकानाचे इतर खर्च बाजूला ठेवले, तर नफा-तोटा पत्रक 2 लाखांचा नफा दाखवील. प्रत्यक्षात हाती आले 6 लाख आणि गेले 8 लाख, म्हणजे गल्ल्यात 2 लाखांची तूट आहे. नफ्यात असलेला हा माणूस पुढच्या हंगामाचा माल भरायला कर्ज काढील, आणि उधारी बुडाली तर तो नफाही कागदावरच राहील. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत आकडे वाढतात, प्रश्न तोच राहतो.

म्हणून एक काम आजच हाती घ्या. आपल्याच शहरातील अलेम्बिक फार्मास्युटिकल्ससारख्या एखाद्या उत्पादक कंपनीचे गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि प्रत्येक वर्षाचा निव्वळ नफा व व्यवसायातून आलेली रोकड शेजारी शेजारी लिहा. दोहोंत मोठे अंतर दिसले, तर येणी आणि मालसाठा विक्रीपेक्षा वेगाने वाढले आहेत का, ते तपासा. सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने 1908 साली उभ्या राहिलेल्या बँक ऑफ बडोदाचाच अहवाल बडोद्याचे विद्यार्थी आपुलकीने आधी उघडतात. पण बँकेचा ताळेबंद नवशिक्याला गोंधळात टाकतो, कारण तिथे ठेवी हे देणे असते आणि दिलेली कर्जे ही मालमत्ता असते. तो वर्षभराने वाचावा.

प्रश्न : माझे गणित बेताचे आहे. फायनान्स झेपेल का? (एक विद्यार्थी, मांजलपूर)

उत्तर : पदवीच्या पातळीवर टक्केवारी, चक्रवाढ आणि थोडे संख्याशास्त्र पक्के असले की पुरते. मात्र पैशाचे कालमूल्य, म्हणजे आजच्या रुपयाची किंमत उद्याच्या रुपयापेक्षा जास्त का, हे सूत्र पाठ करून येत नाही, ते हाताने सोडवावे लागते. 1 लाखाचे कर्ज तीन वर्षांसाठी ‘फ्लॅट’ 10 टक्क्यांनी मिळत असेल, तर व्याज 30,000 रुपये आणि मासिक हप्ता सुमारे 3,611 रुपये होतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच आकारले जाते, त्यामुळे घटत्या शिलकीवर खरा दर जवळजवळ 18 टक्के पडतो. एक्सेलमध्ये या 36 हप्त्यांचा तक्ता स्वतः मांडा. ज्याला तो मांडता आला, त्याने गणिताची धास्ती घेऊ नये.

प्रश्न : मुलगा बीकॉमला आहे. ‘प्रॅक्टिकल अनुभव’ म्हणून त्याला फ्युचर्स-ऑप्शन्ससाठी (शेअरच्या पुढच्या भावावरचे मुदतीचे करार) 50,000 रुपये हवे आहेत. द्यावेत का? (एक पालक, दांडिया बाजार)

उत्तर : देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटींहून अधिक होता. ऑप्शनची किंमत कशी ठरते, मुदत जवळ आली की ती का झिजते, हे त्याने अवश्य शिकावे. पण त्यासाठी वही पुरते. रोज बाजार बंद झाल्यावर भाव नोंदवावेत, आपला अंदाज कारणासह लिहावा आणि महिन्याअखेरीस दलाली व कर वजा करून कागदी हिशेब मांडावा. मुलाची जिद्द मोडू नका, तिला ही शिस्त लावा.

प्रश्न : सीए, सीएफए की एमबीए? (अनेक वाचक)

उत्तर : लेखापरीक्षण व करकामाची आवड असेल तर सीए. त्यात किमान 55 टक्क्यांनी वाणिज्य पदवी मिळवलेल्यांना फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएट या दुसऱ्या टप्प्याला प्रवेश मिळतो आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे. गुंतवणूक विश्लेषणाकडे ओढा असेल तर सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट). त्याच्या तीन पातळ्यांपैकी पहिली पदवी पूर्ण होण्यापूर्वीही देता येते, परंतु परीक्षा इंग्रजीत असून शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते, हे घरी आधी बोलून घ्यावे. एमबीए दोन-तीन वर्षे नोकरी केल्यावर करणे मला अधिक योग्य वाटते, कारण खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या पैशाची, ओढाताण कामावर पाहून आलेल्या विद्यार्थ्याला वर्गात काय विचारायचे ते ठाऊक असते.