सोलापुरात पाच माणसांच्या घराला कोणती गाडी: ब्रेझा, नेक्सॉन की थ्रीएक्सओ?

तुम्ही लिहिलंय की घरात आई-वडील, तुम्ही दोघं आणि दहावीतली मुलगी. बजेट रोड टॅक्स, विमा सगळं धरून साडेअकरा लाख, पेट्रोल हवी. महिन्यातून दोन-तीनदा तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि अधूनमधून पुणे. वर्षभरापूर्वी माझ्या घरात हाच प्रश्न होता. फरक एवढाच, की आमच्याकडे वडील नाहीत आणि मुलं दोन. मारुतीची ब्रेझा, टाटाची नेक्सॉन आणि महिंद्राची थ्रीएक्सओ बघत दीड महिना फिरून मी थ्रीएक्सओ घेतली. तुम्हालाही तीच सांगेन. का, ते सांगतो.

आधी किंमत. तिन्ही गाड्या चार मीटरच्या आतल्या, म्हणून लोकांना वाटतं कर सारखाच असेल. तसं नाही. लांबी ४००० मिमीच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, या दोन्ही अटी पाळणाऱ्या गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. नेक्सॉन आणि थ्रीएक्सओ यात बसतात. ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसी, त्यामुळे लांबी ३९९५ मिमी असूनही तिला मोठ्या गाडीचा ४० टक्के लागतो. आता १० लाख एक्स-शोरूमची, म्हणजे जीएसटी धरून पण रोड टॅक्स आणि विमा सोडून १० लाखांची गाडी धरा. नेक्सॉन किंवा थ्रीएक्सओत साधारण ८.४७ लाखांची गाडी आणि दीड लाख कर. ब्रेझात ७.१४ लाखांची गाडी आणि २.८६ लाख कर. तेवढ्याच पैशात नेक्सॉन-थ्रीएक्सओत जास्त वस्तू का दिसतात, याचं हे मोठं कारण.

म्हणून ब्रेझा वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही. चार सिलिंडरचं इंजिन सिग्नलला थांबलं की चालू आहे हेच कळत नाही, उरलेल्या दोन्हींत तीन सिलिंडर असल्याने सीटला बारीक थरथर जाणवते. तालुक्याच्या गावातसुद्धा सर्व्हिस मिळते आणि जुनी विकताना भाव चांगला येतो. पाच-सहा वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर हे गणित ब्रेझाकडे झुकतं. मी दहा वर्षं वापरणारा माणूस.

दुसरं, १० लाखांची रेघ. पेट्रोल गाडीला आपल्याकडे १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, त्यापुढे गेलं की पूर्ण किमतीवर १२ टक्के. शिवाय १० लाख ओलांडले की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच. ९.९० ऐवजी १०.१० लाखांचं मॉडेल घेतलं तर वीस हजारांचा फरक एमएच-१३ची पाटी लागेपर्यंत बेचाळीस हजारांचा होतो. सेल्समन ‘थोड्यातच वरचं मॉडेल येतंय’ म्हणाला की वहीत हा हिशेब मांडा. तुमच्या बजेटात १० लाखांच्या आतलं मधलं मॉडेलच नीट बसतं. सनरूफसाठी वर जाऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ ला टेकतो, तेव्हा डोक्यावर काच कशाला? त्यापेक्षा मागच्या सीटला एसीचे व्हेंट त्या मॉडेलात आहेत का ते बघा.

एका शोरूममध्ये मला दिलेल्या कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ आणि न मागितलेलं ॲक्सेसरीज किट होतं. विमाही बाहेरच्या कोटेशनपेक्षा अठरा हजारांनी महाग. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचं कोटेशन टेबलावर ठेवलं, तेव्हा त्यांनी हँडलिंगही काढलं. कशाचे किती पैसे, ही फोड कागदावर लिहून मागा, तोंडी नको.

आता जागा. इथे मात्र कागदावर विश्वास ठेवू नका, माणसं घेऊन जा. माझी आई एकाहत्तरची, दोन्ही गुडघे गेलेले. ती आधी पाठमोरी सीटवर टेकते, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेते. ब्रेझा १६८५ मिमी उंच, तिथे ती सहज बसली. नेक्सॉनच्या दारात तिला मान वाकवावी लागली, ती १६२० मिमी आहे. थ्रीएक्सओ दोन्हींच्या मधली, १६४७. तिथे थोडं सावकाश, पण कुणाचा हात न धरता बसली.

मग मागे तिघांना बसवलं: आई, बायको आणि मधे मुलगा. नेक्सॉनमध्ये मुलाला एक खांदा पुढे काढून तिरकं बसावं लागलं. थ्रीएक्सओत तिघांची पाठ सीटला टेकली. तिची रुंदी १८२१ मिमी आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २६००, उरलेल्या दोघींत ते २५०० च्या आसपास. आकड्यात हे चार बोटं दिसतं, पण मोडनिंबपर्यंतच्या चाचणीत आईनं एकदाही ‘किती राहिलं’ विचारलं नाही, तिथेच माझं ठरलं. तुमच्याकडेही मागे तिघं कायमच असणार.

सुरक्षेत नेक्सॉन आणि थ्रीएक्सओ दोघींना भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आदळून घेतलेल्या चाचणीचे, ५ तारे आहेत, त्यामुळे या दोघींत त्यावरून निवडायची वेळ येत नाही. सीएनजी हवी असती तर मी नेक्सॉन सांगितली असती, कारण दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवूनही ३२१ लिटर जागा उरते. मायलेज विचाराल तर माझी गाडी गावात ११-१२ देते, पुणे रस्त्याला ८०-९० नं गेलं की १६.

थ्रीएक्सओची खरी अडचण डिकी. २९५ लिटर. नेक्सॉनची ३८२, ब्रेझाची ३२८. स्कोडा कायलॅकची तर ४४६ आहे, पण मागे तिसरा माणूस तिथे दाटीनं बसतो. मुलीला पुण्याच्या हॉस्टेलवर सोडायला पाचही जण गेलो, तेव्हा गादीची गुंडाळी, बॅगा आणि कडक भाकरीचा डबा एकत्र मावेना. गादी ट्रॅव्हल्सनं आदल्या रात्री पाठवली, डबा बायकोनं पायाशी घेतला. अशी वेळ आमच्यावर वर्षातून दोनदा येते, मागची सीट दर आठवड्याला भरते. तुमच्याकडे हे प्रमाण उलटं असेल, म्हणजे मुलगी लवकरच बाहेरगावी शिकायला जाणार असेल आणि मागे बहुतेक वेळा दोघंच बसणार असतील, तर नेक्सॉन घ्या.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनची मागा, गाडी उन्हात तापलेली असताना. आईला मागे बसवा आणि गार वारा तिच्यापर्यंत किती मिनिटांत पोचतो ते तिलाच विचारा.