बाटलीवर सह्या कोणाच्या?

प्रिय,

ऊर्जा आणि पर्यावरणाच्या कायद्यात वकिली करायची तर पुणं सोडून दिल्ली गाठावी का, असं विचारलंस. एवढ्यात नको. एनजीटीचं, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं, पश्चिम विभागाचं पीठ इथंच आहे. गुजरात, गोव्याचे पक्षकार आपल्या गावात येतात. वीजदराची कामं मुंबईला, राज्य वीज नियामक आयोगापुढे. त्यांची अपिलं दिल्लीत, तेव्हा दिल्ली वाट्याला येईलच.

‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ यावर भाषण ठोकायचा मोह आवर. ते तत्त्व २०१० च्या एनजीटी कायद्याच्या कलम २० मध्येच आहे, पीठाला ते तू ऐकवायला नको. समज, कारखान्याच्या सांडपाण्याचा अहवाल आलाय : बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला ९० मिलिग्रॅम, मर्यादा ३०. तुझे पक्षकार गावकरी खूश. तू आधी १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१ उघड. नमुना घेताना कारखान्याला नोटीस दिली होती? त्यांच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग केले? दोन्ही बाटल्या सीलबंद करून त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या? यात कसूर झाली तर तो ९० चा आकडा पुराव्यात टिकवणं मुश्कील. (मालक मुद्दाम गायब झाला तर वेगळी तरतूद आहे, तीही वाच.) एनजीटीला पुरावा कायद्याचं बंधन नाही, म्हणून लोक इथं ढिले पडतात. समोरचा वकील पडेलच असं नाही.

मुदतीचं मात्र डोक्यात कोरून ठेव. पर्यावरण मंजुरीविरुद्ध एनजीटीत अपील ३० दिवसांत, उशीर माफ होतो तो फार तर आणखी ६० दिवसांचा. वीज अपिलीय न्यायाधिकरणात ४५ दिवस, आणि सबळ कारण दाखवलं तर पुढेही दार उघडं असतं. तिथली सवय इथं आणलीस की मेलास.

विजेकडचं थोडक्यात : कलमांआधी तक्ते. एखादी वीजदर याचिका घे आणि वितरण हानीचे (वाटेत गळणाऱ्या, चोरीला जाणाऱ्या विजेचे) आकडे स्वतः जुळवून बघ. आपल्याच पुण्यातल्या प्रयास ऊर्जा गटाचं लिखाण वाच, आकड्यांना प्रश्न कसे विचारायचे ते कळेल. एखादा इंजिनिअर मित्र जोड; सिनिअरपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होईल, मी धरून.

रविवारी ये. येताना कुठल्याही कारखान्याचं प्रदूषण मंडळाचं संमतिपत्र मिळव, अटींपासून वाचू.

कळावे.