टपावरची भुकटी, काचेवरचे डाग आणि केळीचा चीक: जुन्या गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (यावल): 2008 सालची लाल गाडी आहे. टप आणि बॉनेट पांढुरके पडलेत, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागते. गॅरेजवाले नवा रंग मारायला सांगतात. घरी काही करता येईल का?

बोटाला भुकटी लागते, म्हणजे आशा आहे. जुन्या गाड्यांच्या लाल किंवा पांढऱ्या साध्या रंगावर पुष्कळदा वेगळा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतो. उन्हाने रंगाचा वरचा पातळ थर मरतो, खालचा शाबूत राहतो. खात्री करायला पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घ्या आणि डिकीच्या आतल्या कडेला चोळा. फडकं लाल झालं तर रंग एकाच थराचा आहे, पुढचं सगळं तुमच्यासाठी. फडकं पांढरंच राहिलं आणि टपावर सोललेल्या कातडीसारखे चट्टे असतील, त्यांची कड नखाला लागत असेल, तर क्लिअर कोट उडाला आहे. तो कोणत्याही पॉलिशने परत येत नाही. तिथे गॅरेजवाल्यांचं बरोबर.

आपल्याकडच्या उन्हात हे काम सकाळी सहा ते आठ एवढंच चालतं, तेही सावलीत. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. गरम पत्र्यावर शाम्पू आणि कंपाउंड (रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट) लावता लावता वाळतात, मग वाळलेलं पुसून काढताना नवे ओरखडे पडतात.

आधी नुसत्या पाण्याने गाडी भिजवा आणि पाचेक मिनिटं थांबा. काळ्या मातीचा चिखल वाळला की सिमेंटसारखा धरतो. तो कोरडा खरवडला की त्यातली वाळू रंगावर रेघा मारते. मग दोन बादल्या घ्या: एकीत दहा लिटर पाण्यात तीसेक मिली कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. टपापासून सुरुवात करून खाली या. चाकांचं फडकं वेगळं ठेवा, ते बॉनेटला कधीच लावू नका. कपडे धुण्याची पावडर नको. नीट न विरघळलेले तिचे खडे घासले जातात आणि रबर कोरडं पडतं.

धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवर फिरवा. खरखर जाणवली तर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी, लागेल. 100 ग्रॅमच्या वडीतला अर्धा तुकडा पुरतो. शाम्पूच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून तो हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचा, मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडलेला तुकडा फेकून द्या. त्यात चिकटलेला एक खडाही पूर्ण बॉनेटभर रेघा ओढतो.

आता कंपाउंड. बारीक दाण्याचंच घ्या. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके घेऊन दीड फूट बाय दीड फूट एवढ्याच भागावर तीन ते चार मिनिटं चोळा. सुरुवातीला दाब द्या, शेवटी हात हलका करा. पॅड लाल होईल. तो मेलेला रंग निघतोय, घाबरू नका. पत्र्याच्या धारांवर आणि उठावाच्या रेषांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे कागदी टेप लावा. ड्रिल मशीनला बफ जोडून करायचा मोह टाळा, जुना रंग धारेवर क्षणात जळतो. हाताने टप आणि बॉनेट करायला दोन सकाळी लागतील, घाई करू नका. शेवटी वॅक्स पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. एक थराच्या रंगाला वॅक्सशिवाय सोडलं तर भुकटी परत येते. उन्हाळ्यात दर सहा आठवड्यांनी, नंतर दोन महिन्यांनी लावत राहा. शाम्पू, क्ले, कंपाउंड, वॅक्स आणि चार मायक्रोफायबर मिळून साधारण दोन हजारांत भागावं.

प्रश्न (भुसावळ): घरी बोअरचं पाणी आहे. गाडी धुतल्यावर काळ्या रंगावर पांढरे ठिपके राहतात, काचेवर तर कायमचेच बसलेत.

कूलरच्या जाळीवर बसतो तोच हा क्षार. पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओल्या फडक्याने निघतात. दोन मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, नंतर भरपूर पाण्याने धुवा. कडक उन्हात वाळून महिनोन्‌महिने राहिलेले डाग काच किंवा रंग खातात, तिथे व्हिनेगर पुरत नाही. काचेसाठी सिरियम ऑक्साइडची (काच घासून चकचकीत करणारी पावडर) पेस्ट फेल्टच्या पॅडने ओली ठेवून घासा. त्याला वेळ लागतो. रंगासाठी वर सांगितलेलं कंपाउंड.

खरा उपाय डाग पडू न देण्यात आहे. शेवटची धार बोअरची नको. एसीच्या नळीतून गळणारं पाणी हवेतल्या ओलाव्यापासून बनतं, त्यात क्षार जवळपास नसतात. स्वच्छ कॅनमध्ये साठवा. पाच लिटरमध्ये छोट्या गाडीचा शेवटचा हात होतो. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार जास्त एकवटलेले असतात.

प्रश्न (रावेर): मागच्या सीटवर केळीचे घड ठेवले होते. चिकाचे तपकिरी डाग पडलेत.

खरं सांगायचं तर जुना डाग पूर्ण जाईल असं समजू नका. चीक हवेत काळा पडत धाग्याशी पक्का बसतो. फिक्या कापडावर औषधाच्या दुकानातलं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आधी सीटखालच्या कोपऱ्यात लावून बघा. रंग उडाला नाही तर डागावर ओलं फडकं अर्धा तास दाबून ठेवा आणि पाण्याने पुसा. दोन-तीन वेळा केल्यावर डाग फिका होतो. पुढच्या वेळी घडाखाली गोणपाट घाला, आणि ताजा चीक दिसला की लगेच थंड पाणी आणि साबण लावा.

प्रश्न (शहादा): पावसाळ्यात गाडीत कुबट वास येतो. सुगंधी डब्या टांगून काही फरक नाही.

वास दाबू नका, पाणी कुठून येतंय ते शोधा. बॉनेट उघडून काचेखालच्या पन्हाळीत निंबाची पानं अडकलीत का पहा. तिथलं पाणी निघायचं भोक बुजलं की ते आत शिरतं. ड्रायव्हरशेजारच्या पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर एसीची गळती नळी तुंबलेली असू शकते. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकायला हवं. चारही दरवाज्यांच्या खालच्या कडेची भोकंही प्लॅस्टिकच्या पट्टीने मोकळी करा, सळई वापरू नका. तिने रंग खरवडतो आणि गंज धरतो.

पाण्याची वाट बंद झाली की कार्पेट उचला. खालचा फोम स्पंजासारखा पाणी धरतो, वरून कोरडा दिसला तरी. पंखा लावून पूर्ण वाळू द्या. मग खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढा. सीटखालच्या वायरींवर पाणी मारायचं नाही.

प्रश्न (धुळे): हेडलाइट पिवळे झालेत. टूथपेस्टने साफ होतात असं ऐकलं.

होतात, पण काही आठवड्यांपुरते. हे काचेचे नसून पॉलिकार्बोनेटचे असतात आणि त्यांच्यावरचं उन्हापासून वाचवणारं कवच मेल्यामुळे पिवळेपण येतं. आजूबाजूला टेप लावा. 1000 नंबरचा वॉटर पेपर सतत ओला ठेवून आडवा घासा, मग 2000 नंबरचा उभा, मग 3000 नंबरचा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नका. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. शेवटी कंपाउंड, आणि कोरडं करून प्लॅस्टिकसाठीचं यूव्ही क्लिअर, म्हणजे उन्हापासून वाचवणारा पारदर्शक लेप. ते न लावल्यास उन्हाने पुन्हा तेच होईल. आत वाफ धरली असेल तर घासून उपयोग नाही, आधी सील दुरुस्त करा.

प्रश्न (अमळनेर): गॅरेजमध्ये गाडीखाली डिझेल मारतात, चमक येते. चालेल का?

नको. डिझेलने रबरी बुश (गाडीखालच्या सांध्यांतली रबरं) फुगतात आणि धूळ आणखी चिकटते. चाकांच्या कमानीत साठलेली माती पाण्याने काढली तरी पुरे.