घरी शिकणाऱ्या मुलांना सोबत कशी मिळवून द्यावी?

प्रश्न : आमची मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. दोघं वर्षभरापासून घरीच शिकतात. होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांच्या एका मोठ्या गटात आम्ही आहोत. दर दोन महिन्यांनी सहल असते, तरी मुलीला एकही पक्की मैत्रीण नाही. काय करावं?

उत्तर : सहलीला दर वेळी निम्मे चेहरे नवे असतात, अडचण तिथेच आहे. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांचा प्रौढांच्या मैत्रीवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास आणि घट्ट मैत्रीला २०० हून अधिक तास सोबत घालवावे लागतात, असं त्यात आढळलं. मुलांना नेमके एवढेच तास लागतील असं नाही. पण आठवड्याला २ तास भेटलात तर ५० तास सहा महिन्यांत भरतात. दोन महिन्यांतून एकदा ३ तासांच्या सहलीने त्याला जवळजवळ तीन वर्षं लागतील.

म्हणून त्याच गटातून अर्ध्या तासात पोहोचता येईल अशी तीन-चार कुटुंबं निवडा. त्यात मुलीच्या वयाची निदान दोन मुलं हवीत. धाकट्याचे सवंगडी तिच्या हिशेबात धरू नका. वार, वेळ आणि जागा एकदा ठरवा आणि बदलू नका. 'या आठवड्यात कोण येणार?' असं विचारायला लागलात की उपस्थिती गळते. एकच कुटुंब येणार असलं तरी जा.

सुरुवातीला पाऊण तास मोकळा खेळ ठेवा, म्हणजे उशिरा येणाऱ्यांमुळे काही अडत नाही. मग नकाशा काढणं, नाटुकलं बसवणं असं एखादं काम आणि शेवटी पुन्हा खेळ. अभ्यासाचे धडे इथे आणू नका. अभ्यासक्रम पाळणारे आणि न पाळणारे पालक त्यावरूनच दुरावतात. पालकांनी थांबायचं, आजारी मूल आणायचं नाही आणि भांडणात आधी कोणी पडायचं, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या. निरोप देणं, साहित्य आणणं ही कामं दर महिन्याला दुसऱ्या घराकडे द्या, नाहीतर सगळं एकाच आईच्या गळ्यात पडतं आणि ती थकली की गट संपतो.

शाळेत जाणाऱ्या शेजारच्या मुलांनाही विसरू नका. ती संध्याकाळीच मोकळी असतात, तेव्हा तुमचा अभ्यास आधी आटपा. खेळ किंवा गाण्याचा वर्ग लावायचा तर तीच मुलं निदान काही महिने एकत्र राहतील असा लावा. एक दिवसाच्या शिबिरातून मैत्री क्वचितच टिकते. वाचनालयातही विचारा. शाळेच्या वेळेत मुलांना घेऊन येणारी इतर कुटुंबं तिथल्या माणसांना बहुधा ठाऊक असतात.

नवीन कुटुंब आलं तर त्यांना निदान तीनदा यायला सांगा. पहिल्या भेटीत बुजलेलं मूल तिसऱ्या भेटीत खेळायला लागलेलं दिसतं.